थर्सडेचे अल्बम ऐकावे कसे आणि त्यावर मत द्यावं कसं

थर्सडे हा अमेरिकेतला रॉक बँड ऐकायला घेताय तर त्यांच्या 'फुल कोलॅप्स' या अल्बमपासून सुरुवात करू नका. या बँडचं नाव काढलं की जो तो हाच अल्बम पुढे करतो आणि तिथेच बहुतेकांचं मत गोठतं: हा एक अस्सल, बाकीचे उतरत गेलेले. मला हे पटत नाही. बँडचे सहा अल्बम आहेत, पहिला १९९९ चा आणि शेवटचा २०११ चा, आणि प्रत्येकाला वेगळा कान लावावा लागतो. एकाच्या मापाने दुसरा मोजला की मत फसतं. ते माप कसं बदलायचं, ऐकायची तयारी काय करायची आणि ऐकून झाल्यावर चार माणसांत बोलायचं कसं, ते इथे सविस्तर सांगतो.

मी अमळनेरचा. लग्नसराईत साउंड लावतो. पावसाळ्यात धंदा थंडावला की घरामागच्या खोलीत अहिराणी गाणी रेकॉर्ड करून देतो. त्याच खोलीत आमची बैठक बसते. भाचा जळगावला इंजिनिअरिंग करतो. एक मित्र सुरतला उधन्यात लूमवर होता, आता गावी परतलाय. एक जण ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो. पारोळ्याहून इंग्रजीचे एक सर येतात आणि धुळ्याला नर्स असलेली माझी चुलत बहीण सुटी मिळाली की येते. पुढे जी मतं येतील ती बरीचशी यांची आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी, लागेल तेवढीच. हार्डकोर म्हणजे पंक या रॉकच्या बंडखोर प्रकाराचाच आणखी वेगवान, आखूड, रागीट अवतार. ऐंशीच्या दशकात वॉशिंग्टन डीसीमधल्या काही पोरांना त्या रागाच्या आतलं दुःखही गाण्यात आणावंसं वाटलं. त्यांच्यातल्या राइट्स ऑफ स्प्रिंग या बँडचा अल्बम १९८५ चा. त्या बँडमधले दोघे पुढे फुगाझी या बँडमध्ये गेले. तिथून जी वाट फुटली तिला पोस्ट-हार्डकोर म्हणतात. वेग आणि आरडाओरडा आहे, पण मध्ये शांतता आहे, गिटारींची गुंतागुंत आहे, शब्दांना वजन आहे. थर्सडे १९९७ मध्ये न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविकमध्ये जमला. ते रटगर्स विद्यापीठाचं गाव. गायक जेफ रिकली स्वतःच्या घराच्या तळघरात बँडचे कार्यक्रम ठेवायचा. तिकीट नाही, स्टेज नाही, समोरचा माणूस हातभर अंतरावर. त्या अंतराची सवय या बँडच्या आवाजात शेवटपर्यंत राहिली असं मला वाटतं. रिकली मोठ्या मैदानाला उद्देशून कधीच गात नाही, एका माणसाशी बोलतो.

ऐकायची तयारी

मोबाइलच्या स्पीकरवर हे ऐकू नका. लग्नाच्या टॉपवर, म्हणजे मोठ्या स्पीकरवर, तर नकोच. लग्नाच्या साउंडला आम्ही बेस आणि ट्रेबल चढवतो, मिड, म्हणजे मधल्या पट्टीचा आवाज, खाली ओढतो, कारण लोकांना ढोल पोटात आणि झांज कानात हवी असते. थर्सडेचं सगळं काम मिडमध्ये आहे: टॉम कीली आणि स्टीव्ह पेडुला यांच्या दोन गिटारी आणि रिकलीचा आवाज. मिड खाली ओढलात तर हातात नुसती धडधड आणि सळसळ उरेल, आणि मग 'कचकच आहे सगळी' असं मत होईल. तो दोष इक्वलायझरचा. फोनमधलं बेस बूस्ट, डॉल्बी, सराउंड सगळं बंद करा. इक्वलायझर सपाट ठेवा. साधा वायरवाला हेडफोन चालेल, फक्त कानाला नीट बसणारा हवा.

शफल बंद करा आणि गाण्यात गाणं मिसळणारा क्रॉसफेडही बंद करा. 'फुल कोलॅप्स'च्या सुरुवातीला मिनिटभराचाही नसलेला एक तुकडा आहे आणि शेवटीही एक छोटा तुकडा. ते उंबरठे आहेत, गाणी नव्हेत. त्यांना उडी मारून गेलात तर अल्बमची चौकट हातातून गेली. आमच्याकडे भारनियमनाचा भरवसा नाही आणि शेतात नेटवर्कही येतं-जातं, म्हणून अख्खा अल्बम आधी डाउनलोड करून ठेवा. मधेच गोल चक्र फिरत बसलं की या संगीतातला ताण सुटतो आणि परत जुळत नाही.

वेळेचं म्हणाल तर उन्हाळ्यात दुपारी बसूच नका. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना कूलर बंद करता येत नाही, आणि कूलरचा घरघराट हळू जागा साफ गिळून टाकतो. या बँडच्या हळू जागा फार महत्त्वाच्या आहेत. पहाटे किंवा रात्री जेवणं आटोपल्यावर गच्चीवर बसा. आमच्या खोलीत भिंतींना गोधड्या लावल्यात, तिथे पंखाही बंद ठेवतो. घाम येतो, पण पाऊण तासाचा प्रश्न असतो. आणि भरीत पार्टीत हे लावू नका. वांगी भाजताना, मिरच्या-लसूण कुटताना माणसं बोलणारच, बोलायलाच पाहिजेत. तिथे हे संगीत मध्ये येतं आणि गप्पांचंही नुकसान होतं.

ओरडण्याचं काय करायचं

नवीन माणूस इथेच अडतो. ऑक्टोपॅडवाल्याने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "भो, हाऊ गाना म्हनस का रडस?" प्रश्न बरोबर होता. मी त्याला सांगितलं की दोन्ही, एकाच वेळी. आपल्याकडे मयत झाली की बाया हेल काढून रडतात. त्या रडण्यात शब्द असतात, गेलेल्याचं नाव असतं, त्याने शेवटचं काय खाल्लं ते असतं, आणि चाल असते. सूर सुटतो, श्वास तुटतो, पण तिला कोणी बेसूर म्हणत नाही. रिकलीचा आवाज त्या कानाने ऐका. तो तालमीत तयार झालेला गायक नाही, वरच्या पट्टीत ताणतो, स्वर काठावरून घसरतो. 'फुल कोलॅप्स'वर तर सरळ सरळ चढ-उतार आहेत. सुराच्या परीक्षेला बसवलात तर तो नापास होईल. म्हणून पहिल्यांदा ऐकताना आवाज सुरात आहे का ते तपासू नका. तो कुठे तुटतो ते धरा, आणि तिथे कोणता शब्द आहे ते पाहा. बहुतेक वेळा तो शब्द त्या गाण्यातला सर्वात जड शब्द असतो.

आधी ऐकायचा: 'वॉर ऑल द टाइम' (२००३)

इथून सुरुवात करा. ११ गाणी. याआधीचा अल्बम छोट्या व्हिक्टरी रेकॉर्ड्सचा होता, हा आयलंड या मोठ्या कंपनीचा, पण प्रोड्युसर तोच, साल व्हिलानुएवा. त्यामुळे हाताची ओळख कायम राहून आवाज मोठा आणि स्वच्छ झालाय. नव्या कानाला गिटारी वेगळ्या काढायला हा सर्वात सोपा.

पहिलं गाणं 'फॉर द वर्कफोर्स, ड्राउनिंग'. कामावर जाणाऱ्या, रोज त्याच चक्रात बुडत चाललेल्या माणसांचं. वेग सुरुवातीपासूनच छाताडावर येतो. सरांनी एकदा अर्थ सांगितला तेव्हा सुरतचा मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बारा तासांची पाळी झाल्यावर लूमचा आवाज झोपेतही चालू राहतो, हे तसंच आहे. ड्रम थांबतच नाहीत." मला हे मत फार मोलाचं वाटतं. त्याला इंग्रजीतली ओळ सलग वाचता येत नाही, पण ड्रमचं न थांबणं हाच गाण्याचा अर्थ आहे हे त्याने कानाने पकडलं. खान्देशातून सुरतेला गेलेली माणसं ज्या ज्या घरात आहेत, तिथे हे गाणं परकं राहत नाही.

मध्यावर, सातव्या जागी, पियानोवर बेतलेलं 'धिस साँग ब्रॉट टू यू बाय अ फॉलिंग बॉम्ब' येतं. गिटारींचा मारा थांबतो. २००३ च्या मार्चमध्ये इराकवर हल्ला झाला आणि सप्टेंबरमध्ये हा अल्बम आला. युद्ध बातम्यांत आहे आणि गाणं एका खोलीत आहे, असा तो ताण. काही श्रोते या गाण्याला अल्बममधला खड्डा म्हणतात. मला ते पटत नाही. हे काढून टाका आणि सहाव्यानंतर एकदम आठवं लावून बघा. आम्ही करून पाहिलंय. उत्तरार्धाचा जोर निम्म्यावर येतो, कारण कानाला विश्रांतीच मिळत नाही.

शीर्षकगीतात न्यू यॉर्कच्या इमारतींच्या सावलीत लवकर मोठ्या झालेल्या पोरांची गोष्ट आहे. पुढचं 'एम. शेपर्ड' हे मॅथ्यू शेपर्डवर आहे, वायोमिंगमधला विद्यार्थी, १९९८ मध्ये समलिंगी असल्यामुळे ज्याचा मारहाणीत जीव गेला. ही दोन गाणी लागोपाठ आहेत हे लक्षात ठेवून ऐका. 'युद्ध' या बँडला कुठे कुठे दिसतं, ते या जोडीत कळतं.

दुसरा: 'फुल कोलॅप्स' (२००१)

आता इकडे या. १२ तुकडे, चाळिसेक मिनिटं. 'वॉर ऑल द टाइम'नंतर हा कानाला ओबडधोबड लागेल, आणि तसा लागायला हवा. इथे मिक्स थोडं कोरडं आहे, ड्रम जवळ आहेत, आणि गाणारा आवाज आणि ओरडणारा आवाज अनेकदा एकमेकांवर चढवलेत. 'क्रॉस आउट द आइज' घ्या. हेडफोन लावून एकदा फक्त गाणारा आवाज धरून चाला, दुसऱ्यांदा फक्त ओरडणारा. दोन वेगळी माणसं एकच गोष्ट सांगताहेत असं ऐकू येईल, एक सावरलेला आणि एक न सावरलेला. २००१ नंतर अमेरिकेत अशा दुहेरी आवाजाचे बँड भराभर निघाले. त्यातल्या कित्येकांनी ओरडणं कडव्याला आणि गाणं ध्रुवपदाला असं वाटून टाकलं. थर्सडेने ते एकाच ओळीत ठेवलं, आणि माझ्या लेखी या अल्बमचं मोठेपण त्यात आहे.

'अंडरस्टँडिंग इन अ कार क्रॅश' हे यातलं सर्वात गाजलेलं गाणं. यावर नुसतं 'भारी आहे' म्हणून पुढे जाऊ नका, इथे थांबा. गाण्याची सुरुवात अपघाताच्या वर्णनाने होत नाही, सीटवर पडलेल्या काचेच्या तुकड्याने होते. बहिणीने ते शब्द सरांकडून समजून घेतले. धुळ्याला नर्स म्हणजे सुरत-नागपूर महामार्गावरचे अपघात तिच्या पाळीत येतात. ती म्हणाली, "दादा, नातेवाईक असेच बोलतात. गाडी कशी धडकली हे कोणी सांगत नाही. चप्पल कुठे पडली होती, घड्याळ चालू होतं का, हेच सांगतात." तिच्यासाठी या गाण्याची ताकद शेवटच्या ओरडण्यात नाही, त्या पहिल्या काचेत आहे. तिचं ऐकल्यापासून मीही ते गाणं सुरुवातीलाच नीट ऐकतो. आधी मी चढत्या शेवटाची वाट बघत बसायचो.

'पॅरिस इन फ्लेम्स', 'स्टँडिंग ऑन द एज ऑफ समर', 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ नेशन' ही गाणीही ऐकावीतच, पण त्यांच्यावर वेगळं काही सांगायला नको, ती आपली आपण पोचतात. टकर रूलच्या ड्रमकडे मात्र लक्ष द्या. आमचा ऑक्टोपॅडवाला म्हणतो की तो ठेका सांभाळत बसत नाही, गायकाच्या मागे-पुढे धावतो, आणि तरी बँड कोसळत नाही याचं श्रेय बेसवाल्या टिम पेनला द्यायला हवं. एकदा अख्खा अल्बम फक्त बेस धरून ऐका, त्याचं म्हणणं पटेल.

तिसरा: थेट 'नो डेव्होलुसिओन' (२०११)

मधले दोन ओलांडून शेवटच्यावर यायला मी मुद्दाम सांगतो. ओळीने आलात तर तोवर 'आधीसारखं राहिलं नाही' हे वाक्य डोक्यात पक्कं झालेलं असतं. 'फुल कोलॅप्स'वरून सरळ इथे आलात तर वाटतं, अरे, हा दुसराच बँड आहे, आणि मग त्याला त्याच्या मापाने ऐकता येतं.

हा अल्बम वेगाचा नाही. थरांचा आहे. अँड्र्यू एव्हर्डिंगचा कीबोर्ड इथे पायाला आहे, गिटारी त्यावर पसरल्यात. प्रोड्युसर डेव्ह फ्रिडमन, न्यू यॉर्क राज्यातल्या कॅसाडागा इथल्या टारबॉक्स रोड स्टुडिओचा, फ्लेमिंग लिप्स आणि मर्क्युरी रेव्ह या बँडबरोबर ज्याचं नाव जोडलं जातं तो. विषय निष्ठेचा आहे: माणसावरची, कामावरची, नात्यावरची, आणि ती टिकवताना काय झिजतं त्याचा.

भाच्याचं आणि माझं इथे जोरदार वाजलं. तो म्हणाला, "मामा, हा झोपवणारा अल्बम आहे." मी विचारलं, कुठे झोप आली ते दाखव. त्याने 'एम्प्टी ग्लास' लावलं. गिटारचा मारा नाही, कीबोर्डचा थर आणि आवाज. आम्ही ते परत लावलं, दिवा बंद करून. मग त्याला म्हटलं, याच्या आधीची तीन गाणी सलग लावून त्याच ओघात हे ऐक. ऐकल्यावर तो म्हणाला की झोप नाही, पण अजूनही कंटाळा येतो, कारण हे गाणं कुठे जातच नाही. हे मत मला मान्य नाही, पण ते मत आहे. 'झोपवणारा' हे मत नव्हतं. आता आमच्यात वाद घालायला जागा आहे: गाण्याने कुठेतरी जायलाच हवं का? मी म्हणतो, रिकामपणाचं गाणं जागेवरच बसलं पाहिजे. भाचा म्हणतो, मग ते आखूड करायचं.

शेवटचं 'स्टे ट्रू' सात मिनिटांच्या वर जातं. ते घाईत ऐकू नका. त्या गाण्याला चढायला वेळ लागतो आणि त्या वेळातच त्याची किंमत आहे. माझं स्वतःचं आवडतं विचाराल तर सहाही अल्बमांतून मी 'नो डेव्होलुसिओन' पुढे ठेवीन. वय वाढलेल्या माणसाचा राग कसा ऐकू येतो, हे इतकं खरं मी दुसरीकडे ऐकलं नाही.

मधले दोन: 'अ सिटी बाय द लाइट डिव्हायडेड' (२००६) आणि 'कॉमन एक्झिस्टन्स' (२००९)

फ्रिडमनचं काम या दोघांवरही आहे, आणि तक्रारीही इथेच जास्त ऐकू येतात. साउंडवाल्याची बाजू सांगतो. आमच्या अ‍ॅम्प्लिफायरवर क्लिपचा लाल दिवा लागला, म्हणजे आवाज फाटायला लागला, की हात आपोआप आवाज कमी करायच्या फेडरवर जातो. फ्रिडमनची पद्धत उलटी. ड्रम फाटेपर्यंत, आवाज सगळीकडून भरून येईपर्यंत तो जाऊ देतो, आणि ते फाटणं हाच त्याचा रंग. 'आवाज खराब रेकॉर्ड झालाय' असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की ते मुद्दाम आहे. मुद्दाम असलं म्हणून आवडलंच पाहिजे असं नाही, पण टीका करताना ती निवडीवर करा. माझं मत असं की २००६ च्या अल्बमला हा रंग शोभला. तिथे गाण्यांचा विस्तार मोठा आहे, फाटलेल्या आवाजाला पसरायला जागा मिळते. 'अ‍ॅट धिस व्हेलॉसिटी'चा वेग आणि 'ऑटम लीव्ह्ज रिव्हिजिटेड'चा संथ चढ एकाच अल्बमवर उभे राहतात. 'कॉमन एक्झिस्टन्स'वर गाणी जास्त घट्ट आहेत आणि त्यावर इतका दाब आल्याने कान लवकर थकतो. हा अल्बम आवाज जरा कमी ठेवून ऐका. इतर अल्बमांना जो आवाज ठेवता त्यापेक्षा दोन काडी खाली. तेव्हा गिटारी मोकळ्या होतात. हे करून पाहिल्याशिवाय त्याला नावं ठेवू नका.

२००९ च्या अल्बमपासून बँड एपिटाफ कंपनीकडे गेला. एवढं माहीत असलं तरी पुरे, कंपन्यांचा इतिहास मताला फारसा उपयोगी पडत नाही.

शब्दांचं कसं करायचं

आमच्यातले निम्मे मराठी माध्यमातले. शब्द समोर ठेवून पहिल्यांदा ऐकू नका, डोळे वाचत बसतात आणि कान बंद होतो. एकदा नुसतं ऐका. मग कोणीतरी, आमच्याकडे सर, ते शब्द बोलल्यासारखे वाचून दाखवावेत, गाऊन नाही. ओळीला ओळ भाषांतर करत बसू नका. कोण बोलतंय, कोणाशी, काय घडून गेलंय, एवढं समजून घ्या आणि लगेच परत ऐका. रिकलीचे शब्द वस्तूंनी भरलेले आहेत, काच, खिडकी, रस्ता, इमारती. एखाद्या गाण्यात एक वस्तू जरी पक्की धरलीत तर बाकीचं तिच्याभोवती जमत जातं.

मत द्यायचं कसं

वही ठेवा. फोनमध्ये नको, फोन हातात घेतला की माणूस भलतीकडेच जातो. ऐकताना फक्त वेळ लिहा: कितव्या गाण्यात, किती मिनिट किती सेकंद, आणि तिथे काय झालं ते एका ओळीत. 'दुसरं गाणं, काच', 'सातवं, पियानो येतो' असं. तारे, गुण, क्रमांक पहिल्या बैठकीत देऊ नका. एकदा चार तारे लिहिले की माणूस त्या ताऱ्यांचा बचाव करायला लागतो, गाण्याचं बोलत नाही.

अल्बम संपला की लगेच बोलू नका. चहा होऊ द्या. मग सर्वात कमी बोलणाऱ्याला आधी बोलू द्या. आमच्याकडे सुरतचा मित्र आधी बोलतो, सर शेवटी. सरांनी आधी अर्थ सांगितला की बाकीचे त्यांच्याच अर्थावर डोकं हलवतात, आणि कानाने पकडलेलं हरवतं. कोणी काहीही म्हटलं तरी पुढचा प्रश्न एकच: कुठे? जागा दाखवता आली की ती लावायची आणि सगळ्यांनी परत ऐकायची. जागा दाखवता आली नाही तर त्या माणसाला चिडवायचं नाही, वहीत प्रश्नचिन्ह टाकायचं आणि पुढच्या वेळी विचारायचं.

'आधीचा अल्बम चांगला होता' असं वाक्य आलं तर त्याला अर्धवट समजा. आधीच्यात काय होतं जे इथे नाही, आणि इथे काय आहे जे आधी नव्हतं, ही दोन्ही टोकं आली की ते पूर्ण होतं. आणि एखादी गोष्ट नाही आवडली तर सरळ नाही म्हणा. मला 'कॉमन एक्झिस्टन्स' अजून पुरता रुचत नाही, हे मी बैठकीत उघड सांगतो. बहिणीला मात्र तोच आवडतो, रात्रपाळी करून येताना बसमध्ये ती तोच लावते. बसच्या घरघरीतसुद्धा तो टिकतो, बाकीचे बुडतात, हे तिचं म्हणणं खरं आहे.

एक जपायचं

ही गाणी मृत्यूची, अपघाताची, जीव नकोसा होण्याची आहेत. ज्याच्या घरात नुकतं काही घडलंय त्याला 'हे ऐक, तुला बरं वाटेल' म्हणून देऊ नका. बरं वाटेलच असं नाही. तो स्वतःहून मागेल तेव्हा द्या, आणि पहिल्यांदा त्याच्याबरोबर बसून ऐका. आमच्याकडे एकदा एक जण मधेच उठून बाहेर गेला. आम्ही गाणं थांबवलं, एक जण त्याच्याबरोबर बाहेर जाऊन बसला, बाकीचे आत थांबलो. त्या रात्री अल्बमवर काहीच बोललो नाही, त्याच्याशी बोललो. ऐकणाऱ्यांची बैठक असेल तर एवढं ठरवून ठेवलेलं असावं.

शेवटी 'वेटिंग' (१९९९)

हा सर्वात शेवटी ठेवा. पहिला अल्बम आहे, कच्चा आहे, आणि थर्सडे कोण आहे हे माहीत नसताना ऐकला तर त्या काळच्या कुठल्याही तळघरातल्या बँडसारखा वाटू शकतो. बाकीचे पाच कानात असले की मात्र त्यातली बीजं दिसतात: दोन गिटारींची वीण, बोलल्यासारखं सुरू होऊन तुटणारं गाणं. पूर्ण बैठक याच्यावर घालवायची गरज नाही, एकट्याने ऐकला तरी चालेल.

२००२ मध्ये रिकलीने माय केमिकल रोमान्सचा पहिला अल्बम प्रोड्यूस केला. तो बँड ज्यांना आवडतो अशा पोरांना थर्सडेकडे आणायचं असेल तर हा धागा द्या, भाचा त्याच वाटेने आला. २०११ नंतर थर्सडे थांबला, २०१६ मध्ये परत एकत्र आला, आणि २०२४ मध्ये 'अ‍ॅप्लिकेशन फॉर रिलीज फ्रॉम द ड्रीम' हे तेरा वर्षांनंतरचं पहिलं नवं गाणं आलं. ते सहाही अल्बम झाल्यावरच लावा, आणि लावण्याआधी वहीत प्रत्येकाने लिहून ठेवा की हा बँड आता कसा वाजेल असं वाटतं. आमच्या वहीत पाच जणांची पाच वेगळी उत्तरं निघाली, आणि त्यावरची बैठक दिवाळीनंतर सर मोकळे झाले की बसणार आहे.